हजारी ८२८ : जुन्या मुंबईतले अर्भकमृत्यू आणि वॉर्डवार मृत्युदर कसे वाचावेत

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक विद्यार्थिनी गिरणगावातल्या राहणीमानावर प्रबंध लिहिते आहे. मुंबईच्या १९२१ सालच्या अर्भकमृत्यूचा दर तिला हजारी ६६७ असा सापडला, आणि एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांपुरता तो ८२८. तिचं म्हणणं: "हजारातली सव्वाआठशे बाळं वर्षाच्या आत दगावत होती हे शक्य तरी आहे का? नसेल तर वॉर्डावॉर्डांची तुलना मी कशाच्या जोरावर करायची?"

शंका रास्त आहे. ८२८ हा आकडा शब्दशः घेऊ नका. पण म्हणून सगळं दप्तरच खोटं ठरवून बाजूला सारू नका, कारण ते मोठं घबाड आहे, फक्त उलगडून वाचावं लागतं. मी लोकसंख्याशास्त्र शिकवतो आणि मुंबईचे जुने आरोग्य अहवाल हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे, त्यामुळे उत्तर लांबेल. सगळ्या गोंधळाचं मूळ मात्र एका वाक्यात सांगता येतं. त्या काळातला मुंबईकर जन्माला एकीकडे यायचा, कमवायला दुसरीकडे राहायचा आणि मरायला बऱ्याचदा पुन्हा पहिल्या ठिकाणी जायचा. म्युनिसिपालटीची नोंदवही मात्र शहराच्या हद्दीत संपत होती.

आधी अर्भकमृत्यू दर कसा निघतो ते बघू. वर्षभरात शहरात मेलेली एक वर्षाखालची मुलं वर, त्याच वर्षी शहरात नोंदलेले जन्म खाली, आणि गुणिले हजार. हे गणित बरोबर यायचं तर वरची मुलं खालच्या जन्मांतलीच असायला हवीत. मुंबईत नेमकं तेच नव्हतं. १९२१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ११,७५,९१४ होती आणि त्यात मुंबईत जन्मलेली माणसं साधारण सहा-सातात एक. हजार पुरुषांमागे बायका सव्वापाचशेच्या आसपास. सर्वांत जास्त माणसं रत्नागिरी जिल्ह्यातून आलेली, त्याखाली घाटावरची.

अशा घरातली बाई बाळंतपणाला कुठे जाणार? पहिलटकरीण तर माहेरीच. पुढची बाळंतपणंही अनेकींची गावीच होत, कारण चाळीतल्या खोलीत ओली बाळंतीण सांभाळायला दुसरी बाईच नसे. पावसाळ्यात किनाऱ्याच्या आगबोटी बंद असत, त्यामुळे श्रावण-भाद्रपदात दिवस भरणारी बाई वैशाख-ज्येष्ठातच बोट धरी. जन्माची नोंद झालीच तर ती राजापूर-संगमेश्वराकडे, आणि दोन-चार महिन्यांनी बाळ मुंबईत येई. ते इथे दगावलं तर मृत्यू मुंबईच्या खात्यावर आणि जन्म रत्नागिरीच्या.

त्यात जन्माची नोंद मृत्यूच्या नोंदीपेक्षा नेहमीच कच्ची. मृत्यूच्या नोंदीला एक नाका होता, स्मशान किंवा कबरस्तान. प्रेत तिथून गेल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि तिथे कारकून बसलेला. जन्माला असा नाका नाही. सुईण कळवेल, बाप कळवेल, किंवा कुणीच कळवणार नाही.

हे दोन्ही एकत्र आले की काय होतं, ते कल्पित आकडे घेऊन बघा. एका चाळवस्तीत वर्षभरात २०० बाळं आहेत असं धरा. १२० मुंबईत जन्मली, पण त्यांतल्या १०० जन्मांचीच नोंद झाली. ८० गावी जन्मली. मुंबईत जन्मलेल्यांतली ४० दगावली, पैकी ३६ इथे आणि ४ गावी नेल्यावर. गावी जन्मलेल्यांतली २० दगावली, पैकी ८ तिकडेच आणि १२ मुंबईत आल्यावर. खरा दर : २०० पैकी ६०, म्हणजे हजारी ३००. म्युनिसिपालटीचा दर : इथले मृत्यू ४८, नोंदलेले जन्म १००, म्हणजे हजारी ४८०. कुणीही आकडे फुगवलेले नाहीत. कारकुनाने जे समोर आलं तेच लिहिलं, तरी दर दीडपटीवर गेला.

आता ८२८ कडे येऊ. १९२१ सालचे खोल्यांनुसार दर असे होते : एक खोली ८२८, दोन खोल्या ३२२, तीन खोल्या १९१, चार किंवा जास्त १३३. (इंग्लंड-वेल्सचा त्याच वर्षीचा एकूण दर ८३ होता, तुलना करायचीच असेल तर चार खोल्यांच्या घराशी करा, कारण गावी जन्म नोंदवण्याची भानगड तिथे सर्वांत कमी.) शहरातली साधारण दोन-तृतीयांश माणसं एका खोलीत राहत होती. गावी बाळंतपणाला जाणारी आणि नोंदणी कार्यालयाकडे न फिरकणारीही बहुतांशी हीच. म्हणजे वर सांगितलेली सूज चारही गटांना सारखी चढत नाही, ती जवळजवळ सगळी एका खोलीच्या गटात जमा होते. आणखी एक गळती आहे. एका खोलीतली बाई प्रसूतिगृहात बाळंत झाली आणि जन्म रुग्णालयाच्या खात्यावर पडला, बाळ मात्र चार महिन्यांनी खोलीत दगावलं, तर मृत्यू एका खोलीच्या रकान्यात जातो आणि जन्म जात नाही. गरिबांसाठी प्रसूतिगृहं जसजशी वाढली तसतशी ही गळतीही वाढली असणार.

याला एक बाहेरचा पुरावाही आहे. शहराचा ६६७ हा दर पुढच्याच वर्षी चारशेच्या आसपास उतरला आणि १९२० च्या दशकाच्या अखेरीस तीनशेच्या जवळ आला. एका वर्षात चाळी बदलत नाहीत, गिरणीचे तास बदलत नाहीत, दूध बदलत नाही. दराने अशी उडी मारली की आधी मोजणीकडे बघायचं, मग आरोग्याकडे. तुमच्या प्रबंधात १९२१ हे एकटं वर्ष कुठेही आधाराला घेऊ नका. तीन किंवा पाच वर्षांची सरासरी घ्या, आणि तीत १९१८-१९ ही एन्फ्लुएन्झाच्या साथीची वर्षं येत असतील तर तसं स्पष्ट लिहा.

पण सूज काढून टाकल्यावरही उरतं ते भयंकरच आहे. तीनशे म्हणजे दर तीन-चार बाळांमागे एक. एका खोलीच्या आणि चार खोल्यांच्या घरांतलं अंतर दप्तरी चुकीने वाढलेलं आहे, तिने निर्माण केलेलं नाही.

तुम्हाला कामाला येईल अशी एक युक्ती सांगतो. मृत्यू वयानुसार दिले असतील तिथे एक महिन्याच्या आतले मृत्यू वेगळे काढा. आपल्याकडे बाळंतीण सव्वा महिना घराबाहेर पडत नसे. त्यामुळे गावी जन्मलेलं बाळ पहिल्या महिन्यात मुंबईत पोचतच नाही, आणि मुंबईत जन्मलेलं सहसा मुंबईबाहेर जात नाही. या वयात वरची मुलं आणि खालचे जन्म एकाच ठिकाणचे असतात. न नोंदलेल्या जन्मांची अडचण राहते, पण स्थलांतराची जवळजवळ नाहीशी होते. वॉर्डांची तुलना करायला हा दर पूर्ण वर्षाच्या दरापेक्षा कितीतरी भरवशाचा.

शिवाय तो कारणांकडेही बोट दाखवतो. पहिल्या महिन्यातले मृत्यू जास्त असतील तर सुईणीचा हात, नाळ कापायचं हत्यार, धनुर्वात, आईची अशक्तता, दिवस भरण्याआधीची बाळंतपणं यांचा विचार करा. दोन ते नऊ महिन्यांतले जास्त असतील तर दूध, हगवण, छातीचे विकार आणि खोलीतली हवा. अहवालातल्या कारणांच्या रकान्यावर फार विसंबू नका. "आकडी", "अशक्तपणा", "ताप" ही कारणं बहुतेक वेळा मृताच्या नातेवाइकांनी सांगितलेली आणि कारकुनाने आपल्या यादीत बसवलेली. वय मात्र बरंचसं खरं असतं.

खोलीतल्या हवेबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण प्रबंधांत "दाटीवाटी" एवढाच शब्द येतो आणि त्यातून काही कळत नाही. चाळीतली खोली दहा-बारा फुटांची. एका कोपऱ्यात चूल, दुसऱ्यात मोरी. धूर जायला दार, आणि असलीच तर मागची खिडकी. ती खिडकी हाउस गल्लीवर उघडणारी, म्हणजे दोन चाळींमधल्या त्या बोळावर जिथे शौचकुपांची घाण उतरायची आणि भंग्याने ती काढायची. वरच्या मजल्यांवरून कचराही तिथेच पडायचा. त्यामुळे खिडकी बहुधा बंद, चिंध्यांनी बुजवलेली. म्हणजे खिडकी बंद तर आत धूर, उघडी तर आत दुर्गंधी, यातली एक गोष्ट पत्करायची. रात्री याच खोलीत कुटुंब आणि गाववाले पोटभाडेकरू. बाळ या हवेत चोवीस तास, मोठी माणसं निदान कामावर तरी जात.

आणि आई? गिरण्यांतल्या कामगारांत साधारण पाचवा हिस्सा बायकांचा, बहुतेक रिळिंग आणि वाइंडिंग, म्हणजे सूत गुंडाळण्याच्या खात्यांत. दिवस दहा-अकरा तासांचा. बाळ घरी ठेवायचं तर कुणाकडे? म्हाताऱ्या शेजारणीकडे किंवा पाच-सात वर्षांच्या बहिणीकडे. ते रडू नये म्हणून बाळगोळी, आणि बाळगोळीत अफू. डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स यांनी १९२२ साली मुंबई सरकारसाठी गिरणीतल्या बाळंतिणींची पाहणी केली. गिरणीकामगार बायकांच्या शंभरातल्या अठ्ठ्याण्णव बाळांना अफू दिली जात होती, असं त्यांनी नोंदवलं. अफूने झोपलेलं बाळ भूक लागली तरी उठत नाही, दूध कमी पितं, सर्दी झाली तर खोकत नाही. अफू थेट मारते ते क्वचित. ती बाळाला इतकं अशक्त करते की पुढचं काम हगवण नाहीतर न्यूमोनिया करतो, आणि दप्तरात तेच नाव चढतं. बाळगोळी कोणत्याही वर्षीच्या कारणांच्या रकान्यात तुम्हाला सापडणार नाही.

(या आयांना दोष देणारे शेरे त्या काळच्या कागदांत भरपूर मिळतील. ते उद्धृत करताना शेजारी कामाचे तासही लिहा. बाळंतपणाचा भत्ता देणारा कायदा मुंबई इलाख्यात १९२९ साली आला, तोही कायदे कौन्सिलचे सभासद रा. सा. आसवल्यांनी विधेयक आणून आणि डॉ. आंबेडकरांनी कौन्सिलात त्याची बाजू लढवून. तोवर घरी बसणं म्हणजे मजुरी बुडणं.)

आता एकूण मृत्युदर. इथे गंमत अशी की जे स्थलांतर अर्भकमृत्यू दर फुगवतं, तेच एकूण मृत्युदर दाबतं. गिरणगावात वीस ते चाळीस वयाचे पुरुष भरलेले. हे वय सर्वांत कमी मरणारं. म्हातारे आणि लहान मुलं गावी. शिवाय क्षयाने खंगलेला, काम न झेपणारा माणूस मुंबईत मरायला थांबत नसे. "गावी जाऊन हवापालट" म्हणून निघायचा आणि तिकडेच संपायचा. त्याचं आजारपण परळचं, मृत्यू चिपळूणचा. त्यामुळे एफ वॉर्डातल्या परळ-शिवडीचा किंवा जी वॉर्डातल्या वरळीचा ढोबळ मृत्युदर गिरगावच्या बरोबरीने दिसला, तर "गिरणगाव तितकंच निरोगी होतं" असा निष्कर्ष काढू नका. यावर सोपा उपाय म्हणजे बायकांचा मृत्युदर वेगळा काढून त्यावर तुलना करणं. बायकांची वयोरचना पुरुषांइतकी वाकडी नव्हती. सेक्शननिहाय (सेक्शन म्हणजे वॉर्डाचा लहान भाग) वयाचे तक्ते मिळाले तर प्रमाणित दर, म्हणजे सगळीकडे वयोरचना सारखी धरून येणारे दर काढा, ते उत्तम, पण ते दर वर्षी मिळत नाहीत.

तर इथवरचं एकत्र : गिरणगावात अर्भकमृत्यू दर खऱ्यापेक्षा जास्त दिसतो, एकूण मृत्युदर खऱ्यापेक्षा कमी, आणि दोन्हींचं कारण एकच. हे दोन आकडे एकाच तक्त्यात शेजारी मांडून त्यांचा संबंध लावायला गेलात तर फसाल.

तिसरी अडचण भाजकाची, म्हणजे ज्या लोकसंख्येने भागायचं तिची. १९०१ ची जनगणना मार्चच्या पहिल्या तारखेची, म्हणजे ऐन प्लेगच्या हंगामातली. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखल्यापासून दर हिवाळ्या-उन्हाळ्यात लोक शहर सोडून जात होते. १९०१ ला मोजणी झाली ७,७६,००६. आरोग्याधिकारी डॉ. टर्नर यांच्या काळात १९०६ साली म्युनिसिपालटीने स्वतंत्र मोजणी केली ती ९,७७,८२२. पाच वर्षांत दोन लाख माणसं अचानक जन्मली नाहीत, बरीचशी परत आली होती. एखाद्या वर्षी ५०,००० मृत्यू झाले असं धरलं तर पहिल्या आकड्याने दर येतो ६४, दुसऱ्याने ५१. आणि पळालेली माणसं सगळ्या वॉर्डांतून सारखी पळाली नव्हती. मांडवी, चकला, कुंभारवाडा, नागपाडा इथली घरं आधी रिकामी झाली. म्हणून १९०१ ते १९०५ चे सेक्शनवार दर मी स्वतः तुलनेला घेत नाही. १९०६ पासून पुढचे घेतो.

रुग्णालयांचं थोडक्यात. जे. जे. रुग्णालय ई वॉर्डात. तिथे मेलेला माणूस शिवडीचा असेल तर तो कुणाच्या खात्यावर? प्रत्येक तक्त्याखालची टीप वाचा. मृत्यू राहत्या सेक्शनला वळवलेला नसेल तर भायखळा-नागपाड्याचे दर वाजवीपेक्षा वर दिसतील. १९२६ ला परळला के. ई. एम. आणि वाडिया प्रसूतिगृह सुरू झाल्यावर हीच गोष्ट एफ वॉर्डाला लागू होते, आणि तिथे मृत्यूंबरोबर जन्मांचीही सरमिसळ होते.

वॉर्डापेक्षा जातधर्मवार तक्ते बघावेत का, असंही तुम्ही विचारलं होतं. जरूर बघा. एकाच सेक्शनमध्ये पारशी बाग, भाटियांचे माळे आणि महारवाडा शेजारी असू शकतो, आणि सेक्शनची सरासरी तिघांनाही झाकते. १९१८ च्या एन्फ्लुएन्झाचे मुंबईतले दर घ्या. ६ ऑक्टोबरला एका दिवसात ७६८ माणसं गेली ती साथ. हजारी मृत्यू : युरोपियन ८.३, पारशी ९.०, सवर्ण हिंदू १८.९, आणि अहवालांनी ज्यांना "खालच्या जातीचे हिंदू" म्हटलंय ते ६१.६. असं अंतर वॉर्डांच्या तक्त्यात दिसूच शकत नाही. पण इथेही तीच खबरदारी. पारशी कुटुंबं शहरात स्थायिक, त्यांचे जन्म-मृत्यू दोन्ही इथेच, म्हणून त्यांचा अर्भकमृत्यू दर बऱ्यापैकी खरा. दलित आणि मराठा गिरणीकामगारांचा दर मात्र गावच्या बाळंतपणांनी चढलेला. अंतर खरं आहे, त्याचं माप थोडं ताणलेलं आहे. साथीचे मृत्यू चार-सहा आठवड्यांत होतात आणि तेवढ्यात लोकसंख्येची फारशी अदलाबदल होत नाही, म्हणून एन्फ्लुएन्झाचे आकडे मला अर्भकमृत्यूच्या आकड्यांपेक्षा जास्त पटतात. तरी साथ आली म्हणून गावाकडे निघालेली माणसं तिथेही असतीलच.

इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या, म्हणजे दाट वस्त्या पाडून नव्या चाळी बांधणाऱ्या संस्थेच्या, चाळींबद्दलही सावध राहा. १८९८ ला ट्रस्ट स्थापन झाला, पहिली योजनाच नागपाड्याची. पुढे त्याचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम लावून धरला. अर्थ असा की समोरची भिंत मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीपेक्षा उंच नको, म्हणजे तळमजल्याच्या खोलीतही आभाळ दिसेल. नियम चांगलाच होता. पण ट्रस्टच्या चाळींतला मृत्युदर शेजारच्या वस्तीपेक्षा कमी, म्हणून प्रकाशाने जीव वाचले, असं थेट म्हणता येत नाही. तिथे भाडं नियमित देऊ शकणारे राहत. ज्यांची घरं योजनेत पाडली गेली ते गरीब लोक शेजारच्या जुन्या चाळींत कोंबले गेले आणि तिथला दर त्यांनी वाढवला. तुलनेच्या दोन्ही बाजू योजनेनेच बदलल्या होत्या. प्रकाशाचा परिणाम शून्य होता असं मी म्हणत नाही. मात्र या आकड्यांवरून तो किती हे निघत नाही.

तुमच्या जागी मी असतो तर काळ १९०६ ते १९१७ आणि १९२२ ते १९२९ असा दोन तुकड्यांत घेतला असता, मधली चार वर्षं वेगळ्या प्रकरणात. एकेकटे सेक्शन न घेता तीन गट केले असते : परळ-शिवडी-वरळीचं गिरणगाव, कामाठीपुरा-नागपाडा-कुंभारवाड्याची जुनी दाटी, आणि गिरगाव-खेतवाडीची पांढरपेशी वस्ती. तिन्हींत बायकांचा मृत्युदर आणि पहिल्या महिन्यातले अर्भकमृत्यू हे दोनच दर चालवले असते, पूर्ण वर्षाचा अर्भकमृत्यू दर फक्त संदर्भाला. वयवार तुकडे सेक्शनच्या पातळीवर न मिळाल्यास वॉर्डाच्या पातळीवर समाधान मानावं लागेल. ते कोणत्या वर्षापासून मिळतात त्यावर तुमचा पहिला तुकडा कुठून सुरू करायचा हे ठरेल, म्हणून आराखडा पक्का करण्याआधी अहवालांमागची परिशिष्टं एकदा चाळून घ्या. आणि जमल्यास रत्नागिरी जिल्ह्याचे त्याच वर्षांचे जन्म-मृत्यूचे आकडेही शेजारी ठेवा. मुंबईच्या रकान्यातून गळालेलं बरंच काही तिकडे सापडतं.